आईची सकाळची कवायत

१४ मार्च १९७६, रविवार

शेवटी ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

चारला येतो म्हणाले होते, म्हणून मी पावणेचारलाच चहाचं पाणी ठेवलं. हे जुने आरमारी लोक ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात उभे असतात. युद्ध संपून इतकी वर्षं झाली, नोकऱ्या झाल्या, नातवंडं झाली, तरी खोड जात नाही. हाताकेयामा-सान पुढे आणि मागे दोघं. हाताकेयामा-सान युद्धाच्या वेळी इथल्या आरमारी मुख्यालयात पगार वाटणारे तरुण अधिकारी होते. नंतर शाळेत मुख्याध्यापक झाले. आता माजी नौसैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, आणि बोलतात अजून मुख्याध्यापकासारखेच.

आमच्या ओमिनातोच्या आरमारी मुख्यालयाचा इतिहास छापायचा आहे. चेरी फुलली की मेळावा भरवायचा आणि तिथे पुस्तक वाटायचं.

“बोटी, सेनापती, तारखा सगळं मी लिहिलंय,” ते म्हणाले. “गावाच्या आठवणींचा भाग तेवढा तुम्ही करा, मित्सुए-सान. सगळं गाव तुमच्या लाँड्रीत कपडे टाकतं.”

“कपडे टाकतं. आठवणी घरीच ठेवतं,” मी म्हटलं.

“घे की!” आमचे हे आतून ओरडले. “नाहीतरी गिऱ्हाइकांशी तासन्‌तास बोलतेसच. निदान कागदावर तरी येईल.”

मग हाताकेयामा-सान आवाज खाली आणून म्हणाले, की गावातली जी मुलं परत आली नाहीत त्यांचे फोटो एका पानावर छापायचेत. मोकिची-कुनचा फोटोही हवा. मोकिची म्हणजे माझा धाकटा दीर. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो नव्हताच. देव्हाऱ्यातल्या फोटोतच काय ती आमची ओळख, टोपी जराशी कलती घातलेली.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोपऱ्यात बसून शर्टांच्या घड्या घालत होत्या. एवढा वेळ आपलं लक्षच नाही असं दाखवत होत्या. हातातला शर्ट खाली ठेवून म्हणाल्या, “त्याचा फोटो मिळायचा नाही,” आणि आत निघून गेल्या.

चहा तसाच निवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ मार्च, सोमवार

फोटोचं पुन्हा विचारलं. आई घड्या घालत राहिल्या. यांना विचारलं तर म्हणाले, “तिचा मुलगा आहे, तिला ठरवू दे,” आणि पेपर तोंडासमोर धरला. स्वतःच्या आईशी बोलायचं तर यांना माझं तोंड लागतं. हे त्या वेळी सैन्यात चीनमध्ये होते, त्यामुळे इथे काय झालं ते यांनाही धड माहीत नाही.

आई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि हट्ट अठरा वर्षांच्या पोरीचा. पाऊस असो, बर्फ असो, सकाळी उठल्या की मागच्या अंगणात जाऊन समुद्राकडे तोंड करून हात वर, हात खाली, एक आडवा, एक तिरपा अशी कवायत करतात. मी आले त्या वर्षापासून बघते आहे. रेडिओवरच्या कवायतीचं संगीत चालू असतं एकीकडे आणि यांचे हात भलतीकडेच. आमची मुलं लहानपणी म्हणायची, “आजीला दुसरंच स्टेशन लागतं.” मी मुलांना दटावायची आणि आत जाऊन हसायची.

आजही केलीच. अंगणात अजून गुडघाभर बर्फ आहे.

२१ मार्च, रविवार

आठवणी गोळा करायला सार्वजनिक न्हाणीघरासारखी जागा नाही. गरम पाण्यात उतरलं की म्हाताऱ्यांची जीभ मोकळी होते. मी एक विचारते आणि दहा ऐकते. मुख्यालयाच्या बँडमागे धावताना हरवलेली चप्पल, जी परत करायला खलाशी घरी आला आणि पुढे जावई झाला. कामाफुसे डोंगरावर बर्फात घसरायला शिकणारे दक्षिणेकडचे खलाशी, ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता. सगळ्याजणी पोट धरधरून हसत होत्या. मग एक म्हणाली, “किती देखणी होती गं पोरं,” आणि ओला पंचा तोंडावर ओढला.

घरी आईंना हे सांगितलं तेव्हा त्या अचानक खुलल्या. ही लाँड्री मुळात त्यांचीच. तेव्हा अधिकाऱ्यांचे पांढरे गणवेश यायचे. बटाट्याची खळ स्वतः काढायच्या, आणि म्हणतात की आमच्या घरची पॅंट जमिनीवर उभी केली तर माणूस आत नसतानाही उभी राहायची. “एकदा एक कप्तान म्हणाला, किनु-सान, यात बसू कसा? मी म्हटलं, तुम्हाला बसायचे पैसे देत नाहीत, उभं राहायचे देतात.” सांगताना गालांवर लाली आली होती. त्या वयात आई कशा दिसत असतील ते मला आज पहिल्यांदा दिसलं आणि बरं वाटलं.

मग म्हणाल्या, “डोंगरात बोगदे खणायला आणलेली कोरियाची माणसं होती. ती मागच्या दाराशी यायची. खळ काढून उरलेलं गरम पाणी प्यायची. तेही लिही.”

हाताकेयामा-सानना फोनवर सांगितलं. “पानं कमी आहेत हो,” म्हणाले. मी तरी लिहून ठेवलंय. सगळ्यात वर ठेवलंय.

२ एप्रिल, शुक्रवार

आज आईंनी आपण होऊन सांगितलं. इस्त्री करताना सांगितलं, म्हणजे माझ्याकडे बघावं लागलं नाही.

सन पंचेचाळीसचा मार्च. मोकिची पहाऱ्याच्या एका छोट्या बोटीवर होता. उत्तरेच्या बेटांकडे निघायच्या आदल्या दिवशी तासाभराची रजा घेऊन घरी आला. बोटीवर काय काम करतो ते सांगायची बंदीच होती. घरात काहीतरी बोलाचाली झाली. कशावरून ते आईंनी सांगितलं नाही. “शब्दाला शब्द वाढला. तुझं तोंड बघायचं नाही, असं म्हटलं मी,” एवढंच. तो जेवल्याशिवाय गेला.

दुसऱ्या दिवशी बोट सुटतेय असं कळलं. धक्क्यावर कुणाला सोडत नव्हते. आई हातातलं काम टाकून, अंगावर होतं त्यातच किनाऱ्याने धावल्या, रेतीच्या टोकापर्यंत. बोटी तिथूनच जातात.

“सगळे टोप्या हलवत होते,” आई म्हणाल्या. आरमाराचा निरोप तसाच असतो. हुकूम झाला की टोपी काढायची आणि डोक्यावर गोल फिरवायची. “मागच्या कठड्याशी एकटा आमचाच उभा. त्याने मला पाहिलं. टोपी काढली नाही. दोन्ही हातांनी मला ढकलत होता. जा, जा, चालती हो. पुनःपुन्हा. बोट टोकापलीकडे जाईपर्यंत.”

ती बोट परत आली नाही.

“रागावून गेलेल्या माणसाचा फोटो त्याला न विचारता कसा देऊ?” म्हणाल्या. “मरणाची भीती नाही मला, मित्सुए. पण वर गेले आणि तिथेही त्याने हात झटकले तर?”

मी म्हटलं, “आई, पोरांचा राग तो केवढा.” किती मूर्खासारखं बोलले. दुसरं काही सुचलं नाही. रात्री यांना सांगितलं तर हे उठून बाहेर गेले आणि बराच वेळ लाकडं रचत बसले, जी रचलेलीच होती.

११ एप्रिल, रविवार

आईंचा उजवा खांदा धरला आहे. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे व्हायचंच, आराम द्या. आराम कसला! सकाळी पुन्हा अंगणात. उजवा हात वर जाईना तेव्हा डाव्याने त्याला उचलून धरत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी धावत गेले.

“काय अडलंय का त्या कवायतीवाचून? रेडिओवाले काही हजेरी घेत नाहीत!”

“तू तुझं काम कर,” म्हणाल्या.

चिडून मी रेडिओच बंद केला. तरी हात चालूच. म्हणजे संगीताशी यांचं काही देणंघेणं नव्हतंच कधी! मीच एवढी वर्षं आवाज मोठा करून देत होते. कमाल बाई आहे.

संध्याकाळी हाताकेयामा-सान आले. फोटो वीस तारखेपर्यंत छापखान्यात गेले पाहिजेत. नाही आला तर मोकिचीची चौकट रिकामी राहील. “रिकामी चौकट बरी दिसत नाही,” म्हणाले. मला त्यांचा राग आला, पण ते जाताना देव्हाऱ्यापुढे थांबले आणि फोटोला सलाम केला, आरमारी सलाम, कोपर अंगाशी चिकटवून. मग राग राहिला नाही.

१७ एप्रिल, शनिवार

मेळाव्याच्या तयारीला इवातेहून ओबारा-सान आले आहेत. न्हावी आहेत. युद्धात मुख्यालयाच्या टेकडीवर सिग्नलच्या चौकीत होते. खानावळी भरलेल्या म्हणून आमच्याकडे उतरवले. माणूस गमतीदार. आल्या आल्या यांच्या डोक्याकडे बघून म्हणाले, “हे कुणी कापले? युद्धगुन्हा आहे हा.” माझेच हात होते. हे दहा वर्षांत इतके हसले नसतील.

जेवायला शिंपल्यात अंडं आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घालून शिजवलं होतं. ओबारा-सान तीनदा मागून जेवले. खाता खाता जुन्या गोष्टी निघाल्या. टेकडीवर वारा असा की पापण्या गोठायच्या. “पण आमची एक चैन होती,” म्हणाले. “रात्रपाळीच्या सिग्नलवाल्याला साखर मिळायची, गरम पाण्यात घालून प्यायला. चौकीवर असो नाहीतर बोटीवर. आम्ही ती प्यायचो नाही हो. साठवायचो. कुणी घरी न्यायचा, कुणी पोरीला द्यायचा. लोकांना वाटायचं भांडारातून चोरली!”

तेवढ्यात आईंच्या हातून सुपाची वाटी निसटली. सगळी चटई ओली. तो खांदा! डॉक्टरांचं ऐकत नाहीत मग असं होतं. आई उठून सरळ जाऊन झोपल्या. जेवल्याही नाहीत धड.

१८ एप्रिल, रविवार

रात्र बरीच झाली आहे. पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी ओबारा-सानना भात वाढत होते. मागचं दार उघडं होतं आणि आई अंगणात नेहमीप्रमाणे उभ्या होत्या. मी म्हटलं, “लक्ष देऊ नका, सासूबाईंची कवायत आहे. रेडिओशी पटत नाही त्यांचं.”

ओबारा-सान हसले. मग हसायचे थांबले. जेवायच्या काड्या हातात तशाच. मला वाटलं, घास अडकला.

“हे त्यांना कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. मनचंच आहे.”

“मनचं नाही हे,” ते म्हणाले. अनवाणी अंगणात गेले. आईंच्या समोर जाऊन चक्क वाकले. “किनु-सान, पुन्हा करा. सावकाश करा.”

आई ओरडल्या, “थट्टा करता माझी?” मी मध्ये पडले. पण ओबारा-सान हटेनात. ते स्वतः मागे सरकून उभे राहिले आणि आईंची पहिली हालचाल त्यांनी करून दाखवली, मग दुसरी, मग तिसरी. नेमकी तशीच. आई बघत राहिल्या.

“हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“ही हातांची अक्षरं आहेत. निशाणं घेऊन बोटीवरून बोटीला निरोप देतात ना, तीच. एकेका अक्षराच्या रेषा हातांनी काढायच्या.”

“त्याच्या हातात निशाणं नव्हती,” आई म्हणाल्या. “रिकामे हात होते.”

“असणारच. घरचा निरोप निशाणांनी दिला असता तर थोबाड फुटलं असतं. सगळे टोप्या हलवत असताना कोण बघतंय म्हणून त्याने हातांनीच काम भागवलं. किनु-सान, तुमचा मुलगा सिग्नलवाला होता.”

आई मटकन खाली बसल्या, ओल्या मातीतच. “म्हणजे साखर त्याचीच होती,” म्हणाल्या. मला उलगडा होईना. मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी त्याने कागदात बांधून मूठभर साखर आणली होती. आईंना वाटलं, चोरीची. सगळ्या गावाला रताळीसुद्धा मिळेनात आणि याच्याकडे साखर! लाँड्री मुख्यालयाच्या कपड्यांवर चाललेली. त्यांनी ती पुडी दाराबाहेर फेकली आणि त्याला चोर म्हटलं. त्याने सांगितलं का नाही? बंदी होती. काय काम करतो ते आईलासुद्धा सांगायचं नाही.

आम्ही दोघांनी त्यांना उचलून ओसरीवर बसवलं. हे पण येऊन उभे राहिले, तोंडाला साबण लावलेला.

“काय म्हणत होता तो?” आईंनी विचारलं. आवाज इतका लहान झाला होता.

ओबारा-सान म्हणाले, मी वाचतो, तुम्ही हात करा. आई हात करू लागल्या. उजवा हात वर जाईना तेव्हा यांनी पुढे होऊन तो धरला आणि जिथे न्यायचा तिथे नेला. ओबारा-सान एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेले. आई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्यांनी अक्षर न अक्षर जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

“आई. थंडी आहे. घरी जा.”

एवढंच होतं. मग पुन्हा तेच, आई, थंडी आहे, घरी जा.

“मी शाल घेतली नव्हती,” आई म्हणाल्या.

यांनी आईंचा हात सोडला नाही. मग आईंनीच विचारलं, “तेच तेच का सांगत होता? एकदा सांगून कळत नाही का?”

“नियम आहे,” ओबारा-सान नाक पुसत म्हणाले. “समोरच्याने ‘कळलं’ अशी खूण केल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. खूण येईपर्यंत पुन्हा सांगायचं. तुम्ही खूण केली नाहीत, म्हणून तो सांगत राहिला. नाहीतर तुम्हाला इतकं पाठ झालं असतं का?”

आई म्हणाल्या, रोज सकाळी हात केले नाहीत तर तो कसा उभा होता तेच विसरेन, अशी भीती वाटायची. ढकलत असला तरी तेवढाच तर उरला होता. मला मेलीला हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मी रेडिओ लावून देत होते.

२० एप्रिल, मंगळवार

आईंनी देव्हाऱ्यातला फोटो स्वतः काढून, पुसून दिला. “टोपी सरळ करता येईल का छापखान्यात?” विचारत होत्या. मग म्हणाल्या, “नको, राहू दे कलतीच.”

हाताकेयामा-सान स्वतः घ्यायला आले. खळीच्या पाण्याचे ते चार शब्दही छापायला पाठवतो म्हणाले. बघू.

ओबारा-सान रोज आईंना अंगणात काहीतरी शिकवतात. मला जवळ येऊ देत नाहीत. म्हातारी आणि न्हावी, दोघांची खलबतं चालू आहेत.

३ मे, सोमवार

मेळावा झाला. पाणवठ्याच्या बागेत चेरी अशी फुलली होती की आकाश दिसेना. पुस्तकं वाटली. खळीच्या पाण्याच्या दोन ओळी आल्या आहेत, अगदी शेवटी, पण आल्या आहेत. मोकिचीचा फोटो दुसऱ्या रांगेत आहे. म्हातारे खलाशी साके पिऊन जुनी गाणी म्हणत होते, एकमेकांच्या टकलांवर हात फिरवत होते. मग मध्येच कुणीतरी एखादं नाव घ्यायचं आणि सगळे पाकळ्यांकडे बघत राहायचे. मी त्या काळी ओमिनातोत नव्हते, तरी मलाही काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं.

दुपारी आताच्या आरमाराची एक बोट सुटणार होती. आईंना चालवेना, म्हणून यांनी लाँड्रीच्या हातगाडीत गादी घालून त्यांना बसवलं. आई म्हणाल्या, “मला धुवायला नेतोस का?” पण बसल्या. धक्क्यावर नको म्हणाल्या. रेतीच्या टोकाशी जायचं होतं. अंगावर जाड शाल, माझी आणि त्यांची अशा दोन.

बोट समोरून गेली. कठड्याला रांगेत उभी पोरं, सगळी आमच्या धाकट्या मुलापेक्षा लहान. हुकूम झाला आणि टोप्या फिरू लागल्या. ओबारा-सान, हाताकेयामा-सान, सगळ्या म्हाताऱ्यांनी आपापल्या टोप्या काढल्या.

आई गाडीत उठून उभ्या राहिल्या. यांनी कमरेला धरलं. मला वाटलं, नेहमीचे हात करतील. नाही. उजवा हात फक्त वर नेला, जाईल तितका, आणि धरून ठेवला. दुखत असणार, पण खाली आणेनात. बोट टोकापलीकडे गेली तेव्हा आणला.

“काय होतं ते?” मी ओबारा-सानना विचारलं.

“कळलं, म्हणाल्या,” ते म्हणाले. “आता त्याला हात खाली घेता येतील.”

४ मे, मंगळवार

सकाळी समुद्राकडून यामासे सुटला. मे महिना, पण हा वारा आला की हाडं गोठतात. सहा वाजून गेले तरी मागच्या दाराचा आवाज आला नाही. अंगणात धावले, तिथे कुणी नाही. आईंच्या खोलीत गेले, अंथरूण घडी करून ठेवलेलं.

स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, शांत. समोर पेल्यात गरम पाणी. साखरेचा डबा उघडा होता.

“आज अंगणात नाही गेलात?” मी विचारलं.

माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाहेर थंडी आहे ना.”

आणि दुसरा पेला माझ्यापुढे सरकवला.